टायर मोठा केला तर मायलेज घटतं? उत्तराची सुरुवात करणारे जनावरांचे डॉक्टर डनलॉप

गाडीला मोठे, रुंद टायर लावले तर दिसायला भारी वाटतं. पण पेट्रोल जास्त जातं का? कांजूरमार्गच्या एलबीएस रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही पडेल असा हा प्रश्न. शेजारच्या भांडुपमध्ये तर सिएटचा टायर कारखानाच आहे. या प्रश्नाची गोष्ट मात्र सुरू होते १८८७ साली, बेलफास्टमध्ये.

कोण होते डनलॉप?

जॉन बॉईड डनलॉप यांचा जन्म १८४० साली स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावात झाला. ते जनावरांचे डॉक्टर झाले आणि १८६७ मध्ये आयर्लंडला गेले. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराची चाकं होती. दगडी रस्त्यावर ती जोरात हादरायची.

डनलॉप यांनी रबराची नळी लाकडी चकतीभोवती बसवून तिच्यात हवा भरली. मग हे चाक आणि सायकलचं जुनं चाक अंगणात ढकलून पाहिलं. जुनं चाक मध्येच आडवं झालं. हवेचं चाक मात्र थेट टोकापर्यंत गेलं.

यात मायलेज कुठे आलं?

चाक फिरताना टायर दबतो आणि पुन्हा फुगतो. त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो जितका कमी, तितकं इंधन कमी लागतं.

शोध लावला, पैसा दुसऱ्यांना

१८८८ मध्ये डनलॉप यांना पेटंट मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांचे टायर लावून विली ह्यूम यांनी बेलफास्टमध्ये सायकल शर्यती जिंकल्या. पण रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच अशा टायरचं पेटंट घेतलं होतं. त्यामुळे डनलॉप यांचं पेटंट रद्द ठरलं. १८९५ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. नाव डनलॉप यांचं राहिलं, बडी कमाई इतरांची झाली. १९२१ मध्ये डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.

मग तुम्ही काय करायचं?

- रुंद टायर आणि मोठं रिम बहुतेकदा जड असतं. रुंद टायर हवाही जास्त अडवतो. सिग्नलगणिक थांबून निघताना इंजिनवर ताण येतो.
- टायरची एकूण उंची ३ टक्के वाढली, तर १०० किलोमीटर धावूनही मीटर साधारण ९७ दाखवतो. म्हणजे मायलेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं. स्पीडोमीटरही वेग कमी दाखवतो.
- हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि इंधन जास्त जातं.

थोडक्यात, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते तीच साइज ठेवा आणि हवा महिन्यातून एकदा तरी तपासा. डनलॉप यांचं चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेलं, ते आत नीट भरलेल्या हवेमुळेच.