करवत झाडापाशी नेणारा अभियंता

अजस्र ओंडके सॉ-मिलपर्यंत ओढत नेण्याऐवजी करवतच झाडापाशी न्यावी, हा आंद्रेआस स्टिल यांचा ध्यास होता. १८९६ मध्ये झुरिच येथे जन्मलेल्या स्टिल यांनी १९२६ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे व्यवसाय आरंभला. त्यांची विजेवरील पहिली साखळी-करवत सुमारे ४८ किलोची. ती पेलण्यास दोन माणसे लागत. १९२९ मध्ये पेट्रोलवरील करवत आली. नाझी पक्ष व ‘एसएस’चे सदस्यत्व ही या चरित्राची काळी बाजू होय. १९५० मध्ये एकट्याने चालविता येणारी करवत त्यांनी बाजारात आणली. १९७३ मध्ये ते निवर्तले. मात्र जंगलातच फळ्या पाडणाऱ्याने आजही हलकेपणाला न भुलता मोठे, अधिक टॉर्कचे इंजिन निवडावे. कारण ओंडका लांबीच्या दिशेने चिरताना त्यावर दीर्घकाळ पूर्ण भार राहतो.