संत मदर तेरेसा : एंटालीच्या शिक्षिका



संत मदर तेरेसा म्हटले की रुग्णांची शुश्रूषा करणारी माता डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु त्याआधी सुमारे १७ वर्षे त्या शाळेत शिकवीत होत्या, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

दि. २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोपिये शहरातील एका अल्बेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२८ साली त्या लोरेटो धर्मभगिनींच्या संस्थेत दाखल झाल्या आणि इंग्रजी शिकण्यासाठी आयर्लंडला गेल्या. जानेवारी १९२९ मध्ये त्या भारतात आल्या. १९३१ साली पहिली व्रते घेतल्यावर त्यांना कोलकात्यातील एंटाली येथे पाठविण्यात आले.

एंटाली हे जुन्या कोलकात्याच्या वेशीबाहेरचे उपनगर. बंगाली, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा अनेक भाषा तिथे कानी पडत. लोरेटोच्या एकाच आवारात इंग्रजी माध्यमाची शाळा होती आणि सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाचीही. सिस्टर तेरेसांच्या वाट्याला बंगाली शाळा आली. त्या बंगाली शिकल्या, हिंदी शिकल्या आणि मुलींना त्यांच्याच भाषेत भूगोल व इतिहास शिकवू लागल्या. सेंट तेरेसा शाळेतही त्या शिकवायला जात. तिथला अस्वच्छ वर्ग पाहून त्यांनी स्वतः झाडू हाती घेतला, तेव्हा मुले थक्क झाली. १९४४ साली त्या सेंट मेरीजच्या मुख्याध्यापिका झाल्या.

आवाराच्या भिंतीपलीकडे मोतीझील ही झोपडपट्टी होती. दि. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या प्रवासात त्यांना गोरगरिबांमध्ये राहून सेवा करण्याचे पाचारण झाले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी लोरेटोचा मठ सोडला, पाटण्याला रुग्णसेवेचे शिक्षण घेतले आणि डिसेंबरात मोतीझील गाठले. तिथे त्यांनी आधी काय केले? शाळा सुरू केली! ना फळा, ना बाक. काठीने जमिनीवर बंगाली अक्षरे काढून त्या मुलांना शिकवू लागल्या. मार्च १९४९ मध्ये सेंट मेरीजचीच एक विद्यार्थिनी त्यांना येऊन मिळाली. १९५० साली मिशनरीज ऑफ चॅरिटी संस्थेला मान्यता मिळाली. दि. ५ सप्टेंबर १९९७ रोजी मदर प्रभूघरी गेल्या. २०१६ साली त्यांना संतपद बहाल झाले.

बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आपण किती धडपडतो! ते योग्यच आहे. पण भिंतीपलीकडच्या मुलाचे काय? मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला आपण कमी तर लेखत नाही ना? शेजारचे एखादे मूल अभ्यासात मागे पडत असेल, तर आठवड्यातून एक तास त्याच्याजवळ बसू या. मदरांनीही सुरुवात अशीच केली होती.