फळ्यापर्यंतची वाट

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पिता सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते; मुलांचा अभ्यास ते स्वतः घेत. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. पुढे परळच्या चाळीतील एका खोलीत राहून ते एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकू लागले. एके दिवशी शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवण्यास फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे होते. ते विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन बाजूला सारले. त्यानंतरच भीमरावांच्या हाती खडू आला.

समीकरणाचा पहिला नियम असा, की एका बाजूवर जी क्रिया, तीच दुसऱ्या बाजूवर. ३क्ष + ५ = २० यात दोन्हीकडून ५ वजा केले, की ३क्ष = १५ उरते; दोन्हीकडे ३ ने भागले, की क्ष = ५ मिळतो. त्या वर्गाने हाच समतेचा नियम मोडला होता.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यातील महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली.

रामवाडीच्या आपल्या वर्गात शेवटच्या बाकावरील मूलही निर्भयपणे फळ्यापाशी येऊन पायरी-पायरीने उदाहरण सोडवते, तेव्हाच बाबासाहेबांना खरे अभिवादन घडते.

जय भीम!