अल-किंदी : गुप्त लिपीचे कुलूप उघडणारे विद्वान

इराक देशात कूफा नावाचे एक जुने शहर आहे. इ.स. 801 च्या सुमारास तेथे एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव याकूब. वडील इसहाक हे कूफा शहराचे सुभेदार होते. किंदा या नामांकित अरब कबिल्यातील हे घराणे होते. म्हणून पुढे हा मुलगा अल-किंदी या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला.

त्या काळी बगदाद ही अब्बासी खलिफांची राजधानी होती. दूरदूरचे व्यापारी, वैद्य, ज्योतिषी आणि विद्वान तेथे येत. खलिफा अल-मामून यांना ज्ञानाची फार आवड होती. त्यांनी बैतुल हिकमा या ज्ञानगृहाला मोठा आश्रय दिला. ग्रीक, सुरियानी, फारसी आणि भारतीय ग्रंथ जमवून त्यांचे अरबी भाषांतर करण्याचे काम बगदादमध्ये जोरात सुरू होते. शिक्षणासाठी बगदादला आलेले अल-किंदी या कामात रमून गेले. भाषांतरकारांचे काम तपासणे, त्यातील अवघड भाग सोपा करणे आणि त्यावर स्वतंत्र विचार मांडणे, हाच त्यांचा दिनक्रम झाला.

अल-किंदींनी अनेक विषयांवर लिहिले. गणित, वैद्यक, संगीत, प्रकाश, तत्त्वज्ञान, एवढेच काय, अत्तरे बनवण्याची कृतीही त्यांनी लिहून ठेवली. त्यांच्या नावावर अडीचशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगितले जातात. भारतीय अंकांचा उपयोग कसा करावा, हे समजावणारा ग्रंथही त्यांनी लिहिला होता. लोक त्यांना आदराने अरबांचा फैलसूफ, म्हणजे तत्त्वज्ञ म्हणत.

या साऱ्या ग्रंथांत एक लहानसा ग्रंथ वेगळाच होता. तो होता गुप्त लिपीतील मजकूर उलगडण्याविषयी.

गुप्त लिपी म्हणजे काय? मोठे राज्य चालवायचे तर पत्रे लिहावी लागतात. सैन्य कोठे आहे, खजिन्यात किती रक्कम आहे, कोणत्या सुभ्यात बंडाची भीती आहे, हे शत्रूला कळून चालत नाही. पण जासूद वाटेत पकडला गेला, तर पत्र शत्रूच्या हाती पडणारच. म्हणून मजकुरातील प्रत्येक अक्षराऐवजी दुसरे अक्षर किंवा खूण लिहीत. समजा, प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे अक्षर लिहायचे ठरवले. मग 'कमल' हा शब्द 'खयव' असा होईल. वाचणाऱ्याला काहीच अर्थ लागणार नाही.

हे उदाहरण सोपे आहे. पण अक्षरांची अदलाबदल मनाला येईल तशी केली तर? अरबी भाषेत 28 अक्षरे आहेत. त्यांची अदलाबदल करण्याचे प्रकार मोजले, तर ती संख्या तब्बल 30 अंकी होते. एकेक प्रकार करून पाहायचा म्हटले, तर हजारो माणसांचे हजारो जन्मही पुरणार नाहीत. त्यामुळे अशी पत्रे कोणालाही उलगडणार नाहीत, असे लिहिणाऱ्यांना वाटे.

अल-किंदींनी मात्र दुसरीच वाट धरली. त्यांनी अक्षरे मोजायला सुरुवात केली.

कोणत्याही भाषेत सगळी अक्षरे सारख्याच वेळा येत नाहीत. उर्दूचे एखादे पान घेऊन पाहा. अलिफ पावलोपावली भेटेल. पण तीन नुक्त्यांचे 'झे' शोधूनही क्वचितच सापडेल. मराठीच्या पानावर 'र' आणि 'त' वारंवार दिसतील. 'ढ' मात्र एखादाच. अरबीत अलिफ आणि लाम ही अक्षरे सर्वांत जास्त येतात, हे अल-किंदींनी मोजून दाखवले.

मग युक्ती सोपी होती. गुप्त पत्रात कोणती खूण सर्वांत जास्त वेळा आली आहे ते मोजा. ती बहुधा अलिफ असेल. तिच्या खालोखाल येणारी खूण बहुधा लाम असेल. अशा रीतीने एकेक अक्षर ओळखत जायचे. अल-किंदींनी आणखीही काही मार्ग सांगितले. पत्राची सुरुवात बहुधा ठरावीक शब्दांनी होते. ते शब्द आधी ताडून पाहावेत. काही अक्षरे एकमेकांशेजारी येतच नाहीत. तेही ध्यानात घ्यावे. मजकूर फार थोडा असेल तर मोजणी फसते, हा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. खूण बदलली तरी अक्षराची सवय बदलत नाही, हे त्यांनी ओळखले होते. तीस अंकी संख्येचे कुलूप कागद, लेखणी आणि चिकाटी यांच्या बळावर उघडले!

अशा या विद्वानाच्या वाट्याला उतारवयात मोठे दुःख आले. अल-मामून यांच्यानंतर खलिफा झालेल्या अल-मुअतसिम यांनी आपल्या मुलाला शिकवण्याचे काम अल-किंदींकडे सोपवले होते. पुढे 847 मध्ये अल-मुतवक्किल खलिफा झाले आणि वारे फिरले. दरबारात मुहम्मद आणि अहमद हे बनू मूसा घराण्यातील दोघे भाऊ होते. तेही मोठे गणिती आणि यंत्रांचे जाणकार होते; पण अल-किंदींची कीर्ती त्यांना सहन होत नव्हती. त्यांनी खलिफाचे कान भरले. अल-किंदींना मार खावा लागला आणि त्यांचे सारे ग्रंथालय त्या भावांनी ताब्यात घेतले. दुसऱ्यांची गुपिते उलगडणाऱ्या या माणसाला आपल्या किताबा मात्र वाचवता आल्या नाहीत.

त्या किताबा परत कशा मिळाल्या, याची हकिकत जुने अरब इतिहासकार सांगतात. खलिफाने या भावांकडे एक मोठा कालवा खोदण्याचे काम दिले. त्यांनी नेमलेल्या कारागिराने मोजमापात चूक केली. कालव्याचे तोंड खोल झाले आणि पुढचा भाग उथळ राहिला. नदीचे पाणी उतरताच कालवा कोरडा पडणार होता. खलिफाने तपासणीसाठी सनद इब्न अली या अभियंत्याला पाठवले. दोघे भाऊ घाबरून त्यांच्याकडे गेले. सनद यांचे अल-किंदींशी मुळीच पटत नसे. तरीही त्यांनी एकच अट घातली. आधी अल-किंदींच्या किताबा परत करा, मगच पुढचे बोला. किताबा परत मिळाल्या. नदी भरलेली असल्यामुळे चूक लगेच दिसणार नव्हती. त्यानंतर 861 मध्ये खलिफाचीच हत्या झाली आणि दोघे भाऊ शिक्षेतून वाचले. वैर असूनही सनद इब्न अली यांनी एका विद्वानाचा हक्क ओळखला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

इ.स. 870 च्या सुमारास अल-किंदी बगदादमध्ये वारले. काळाच्या ओघात त्यांचे अनेक ग्रंथ नाहीसे झाले. गुप्त लिपीवरचा ग्रंथही शेकडो वर्षे कोणाला ठाऊक नव्हता. अखेर तुर्कस्तानातील इस्तंबूल शहराच्या एका जुन्या ग्रंथसंग्रहात त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि 1987 मध्ये तो दमास्कस येथे छापला गेला. गुप्त मजकूर उलगडण्याच्या शास्त्रावरील, आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ मानला जातो.

अक्षरे मोजण्याच्या या पद्धतीमुळे गुप्त लिपी तयार करणाऱ्यांना नवनव्या युक्त्या शोधाव्या लागल्या. आज मोबाइलवरून पैसे पाठवताना, लष्कराचे संदेश जाताना मजकूर संगणकाच्या मदतीने गुप्त केला जातो. अक्षरे मोजून तो उलगडत नाही. 1997 मध्ये अमेरिकेच्या सरकारने अशा नव्या पद्धतीसाठी जगभरातून प्रस्ताव मागवले. 15 पद्धती निवडल्या गेल्या आणि त्या मोडून दाखवा, असे विद्वानांना खुले आवाहन करण्यात आले. या कसोटीतून बेल्जियमच्या दोघा शास्त्रज्ञांची पद्धत पार पडली आणि 2001 मध्ये ती स्वीकारली गेली. जे कुलूप जाणकारांनी उघडण्याचा प्रयत्न करूनही उघडले नाही, त्याच्यावरच विश्वास ठेवायचा, असा हा नियम आहे.

देशाचे रक्षण केवळ सीमेवर होत नाही. वीजकेंद्रे, बँका, रेल्वे आणि दवाखाने यांचे संगणक सुरक्षित ठेवणे हेही देशाचे रक्षणच आहे. आपल्या देशात संगणकांवरील हल्ल्यांशी सामना करण्यासाठी 2004 पासून सरकारचे एक खास पथक काम करते. अशा कामासाठी गणिती लागतात, संगणकाचे जाणकार लागतात आणि भाषांचे अभ्यासकही लागतात. दोन-तीन लिप्या सहज वाचणाऱ्या मुलामुलींना तर ही वाट अधिकच जवळची आहे. ज्याला गुपित राखायचे आहे, त्याने ते कसे फुटते हे आधी शिकले पाहिजे. अकराशे वर्षांपूर्वी अल-किंदींनी बगदादमध्ये धीराने एकेक अक्षर मोजून हाच धडा घालून दिला.