विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (जन्म : पेण, १४ ऑक्टोबर १८९२, मृत्यू : पुणे, ५ जुलै १९४५) हे मराठी चित्रपटसृष्टीतील ध्वनिमुद्रक, छायाचित्रकार, कलादिग्दर्शक आणि दिग्दर्शक होते. प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापक भागीदारांपैकी ते एक होत. चित्रपटसृष्टीत ते 'दामलेमामा' या नावाने ओळखले जात. प्रभातच्या सुरुवातीच्या बोलपटांचे ध्वनिमुद्रण त्यांनी केले. शेख फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' (१९३६) हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध चित्रपट होय.

== सुरुवातीचा काळ ==

दामले यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण येथे झाला. पुढे ते कोल्हापूरला आले आणि चित्रकार बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली काम करू लागले. नाटकांचे पडदे रंगविणे, छायाचित्रण आणि यंत्रांची दुरुस्ती अशी विविध कामे या कारखान्यात चालत. त्या काळी चित्रपटाचा कॅमेरा परदेशातून आणणे फार खर्चाचे होते. १९१८ मध्ये बाबूरावांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. या कामात दामले त्यांचे सहकारी होते.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट प्रदर्शित केला. या कंपनीत दामले यांचा शेख फत्तेलाल यांच्याशी दीर्घकाळ टिकलेला स्नेह जुळला. फत्तेलाल 'साहेबमामा' म्हणून ओळखले जात. 'महारथी कर्ण' (१९२८) हा मूकपट दोघांनी मिळून दिग्दर्शित केला.

== प्रभात फिल्म कंपनी ==

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार होते. त्यांपैकी कुलकर्णी हे सराफ होते व त्यांनी भांडवल पुरविले. उरलेले चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले कलावंत होते. दिग्दर्शन प्रामुख्याने शांतारामांकडे, छायाचित्रण धायबरांकडे आणि कलाविभाग फत्तेलाल यांच्याकडे होता. बोलपटांचा काळ सुरू झाल्यावर ध्वनीची जबाबदारी दामले यांच्याकडे आली.

== बोलपट व ध्वनिमुद्रण ==

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. प्रभात त्या वर्षीही मूकपटच काढत होती. मात्र पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, त्याच चित्रपटगृहात प्रभातचा 'अयोध्येचा राजा' झळकला. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. मूकपटांवर वाढलेल्या कंपनीला थोड्या अवधीत संपूर्ण नवे तंत्र आत्मसात करावे लागले. त्यासाठी भारतात तेव्हा कोणतीही प्रशिक्षण संस्था नव्हती.

त्या काळी आवाज प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवर मुद्रित केला जाई. मायक्रोफोनमधून निघणारा अतिशय क्षीण विद्युतप्रवाह निर्वात नलिकांच्या विवर्धकाने (ॲम्प्लिफायरने) वाढविला जाई. त्यानुसार प्रकाशाचा झोत कमीजास्त होई आणि फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी उमटे. फिल्म धुताना रसायनांचे प्रमाण वा वेळ चुकली, तर चित्राबरोबर आवाजही बिघडत असे. त्यामुळे ध्वनिमुद्रकाला विजेइतकेच छायाचित्रणाचेही ज्ञान आवश्यक होते. दामले यांचा महाराष्ट्र फिल्म कंपनीतील अनुभव येथे उपयोगी पडला.

चित्रीकरणाची पद्धतही बदलली. मूकपटात कॅमेऱ्याच्या खडखडाटाने काही बिघडत नसे, आता मात्र तो आवाज फिल्मवर येऊ लागला. फिल्म सेकंदाला २४ चौकटी या स्थिर गतीने चालविणे भाग पडले, कारण गती बदलली की आवाजाची पट्टीही बदलते. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली नव्हती. नट-नटी कॅमेऱ्यासमोरच गात व वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसून साथ करीत. संवाद, गाणे आणि साथ यांचा तोल चित्रीकरणाच्या वेळीच साधावा लागे, नंतर तो सुधारण्याची सोय फारच थोडी होती.

मुद्रित झालेला आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचताना आणखी एक साखळी पार करी. चित्रपटगृहात प्रकाशविद्युत घट फिल्मवरील पट्टी वाचून तिचे विजेत रूपांतर करी, विवर्धक ती वाढवी आणि पडद्यामागील कर्ण्यांच्या स्पीकरमधून आवाज निघे. निर्वात नलिकेला हजारो ओहम संरोधाचा भार लागतो, तर स्पीकरच्या वेटोळ्याचा संरोध अवघा काही ओहम असतो. दोहोंचा मेळ घालण्यासाठी मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवीत. हा मेळ चुकला, तर शक्ती वाया जाते किंवा आवाज फाटतो. तेव्हाचे विवर्धक आजच्या मानाने अल्प शक्तीचे होते. तरीही मोठे प्रेक्षागृह भरून टाकणे त्यांना शक्य झाले, कारण कर्ण्याचे स्पीकर थोड्या शक्तीत मोठा आवाज देत. पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर विवर्धकांची रचना बदलली, तरी स्पीकर आणि विवर्धक एकमेकांना साजेसे असण्याची गरज कायम राहिली. मोटारीत स्पीकर वा सबवूफर बसविताना त्याचे ओहम व वॉट विवर्धकाशी ताडून पाहतात, त्यामागे हेच कारण असते.

'अयोध्येचा राजा' हिंदीतही काढण्यात आला. त्यानंतर आलेल्या 'माया मच्छिंद्र' (१९३२) या बोलपटाचे ध्वनिमुद्रणही दामले यांनी केले.

== पुण्यातील स्टुडिओ ==

१९३३ मध्ये प्रभातने कोल्हापूरहून पुण्यास स्थलांतर केले. एरंडवणे भागात, शहराच्या तत्कालीन वस्तीपासून दूर, कंपनीने विस्तीर्ण जागेवर स्टुडिओ उभारला. बोलपटांसाठी बंदिस्त चित्रीकरणगृह, ध्वनिमुद्रण, प्रयोगशाळा आणि कलाविभाग अशी सर्व अंगे एकाच आवारात आली. त्यामुळे चित्रित झालेली फिल्म तेथेच धुऊन तिचा आवाज व चित्र तपासणे शक्य झाले. पुण्यात तयार झालेला 'अमृतमंथन' (१९३४) लोकप्रिय ठरला.

== दिग्दर्शन ==

दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि तेथे वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची, तर गौरी यांनी त्यांच्या पत्नीची भूमिका केली. पटकथा शिवराम वाशीकर यांची आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना अनेकांना तुकारामांचाच अभंग वाटली. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात मान मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते.

या चित्रपटात चमत्कारांची दृश्ये आहेत, परंतु कथेचा मुख्य भर तुकारामांचा संसार, दारिद्र्य आणि पत्नीची ओढाताण यांवर आहे. गाणी कथेच्या ओघात येतात आणि बोलण्यातून गाण्याकडे होणारे संक्रमण सहज वाटते. ध्वनीच्या कामाचा अनुभव असलेल्या दिग्दर्शकाला हे साधणे सोपे गेले असावे, असे मानण्यास जागा आहे.

यानंतर या जोडीने 'गोपाळ कृष्ण' (१९३८) आणि शाहू मोडक यांची प्रमुख भूमिका असलेला 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हे चित्रपट दिग्दर्शित केले. हंसा वाडकर यांची भूमिका असलेल्या 'संत सखू' (१९४१) च्या दिग्दर्शनात राजा नेने हेही त्यांच्याबरोबर होते.

== अखेरची वर्षे व वारसा ==

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि कंपनीला उतरती कळा लागली. ५ जुलै १९४५ रोजी दामले यांचे पुण्यात वयाच्या ५२ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच कंपनीचे काम बंद पडले. १९६० मध्ये भारत सरकारने प्रभातच्या आवारात चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया होय. ज्या ठिकाणी दामले यांच्या पिढीने स्वतः प्रयोग करून ध्वनिमुद्रणाची विद्या मिळविली, तेथे आता तिचे रीतसर शिक्षण दिले जाते. परिसरातील प्रभात रस्त्याला कंपनीचे नाव आहे.

दामले यांच्या जीवनावर 'विष्णुपंत दामले : बोलपटांचा मूक नायक' हा मराठी माहितीपट तयार झाला असून त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला आहे.

== दिग्दर्शित चित्रपट ==

* महारथी कर्ण (मूकपट, १९२८)
* संत तुकाराम (१९३६)
* गोपाळ कृष्ण (१९३८)
* संत ज्ञानेश्वर (१९४०)
* संत सखू (१९४१)