अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक



स्मरणिकेत आपण फुले दांपत्यावर लिहितो, बाबासाहेबांवर लिहितो. ते लिहिलंच पाहिजे. या खेपेला मात्र मी मुद्दाम आपल्या चळवळीबाहेरच्या एका बाईंचं चरित्र लिहायला घेतलं आहे. वस्तीतली आपली पोरं ज्या अंगणवाडीत जातात, तिचं मूळ या बाईंच्या कामात आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळांना त्यांचं नावही ठाऊक नाही.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेर केळकरांचं, घर प्रार्थना समाजाच्या विचाराचं. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी बाईमाणसानं पदवी घेणं ही काही साधी गोष्ट नव्हती. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण तो संसार टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी अंगावर होती. पुढे राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या मुख्याध्यापिका झाल्या. मानाची नोकरी होती. ती सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ साली दोघांच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

या बालमंदिरात मॉन्टेसरी पद्धत होती. ही पद्धत मुळात कोणासाठी निघाली, हे कामगारांनी ध्यानात ठेवावं. १९०७ साली रोम शहरातल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिलं बालगृह काढलं. आईबाप कामावर गेले की पोरं चाळीत मोकाट फिरायची, त्यांच्यासाठी ते होतं. आपल्या देशात मात्र तीच पद्धत महागडी साधनं आणि फी यांच्यामुळे पैसेवाल्यांच्या घरची झाली. कामगारांच्या पोरांसाठी निघालेली विद्या कामगारांच्याच पोरांना मिळेना! हा उलटा न्याय ताराबाईंना खटकला.

१९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या शहर सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या आणि शेवटपर्यंत सोबत राहिल्या. बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण गरिबांची, अस्पृश्य वस्तीतली पोरं तिकडे फिरकेनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे शेळ्या, आणि वर जातीची भिंत. दुसरा कुणी असता तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असं म्हणून मोकळा झाला असता. ताराबाईंनी दोष पोरांना दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच मुलाच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. हीच अंगणवाडी.

वस्तीत जायचं, पोरं गोळा करायची, हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. विकतची साधनं नाहीत. चिंचोके, शंख-शिंपले, खडे, पानं, फुलं हीच साधनं. चिंचोके मोजता मोजता आकडे येतात. पानं लहान-मोठी लावताना नजर तयार होते. शिंपले उचलताना बोटं वळतात आणि उद्या तीच बोटं पेन्सिल धरतात. गोष्ट ऐकून ती आपल्या बोलीत सांगणारं पोर पुढे वाचायला घाबरत नाही. अक्षरओळख पाटीच्या कितीतरी आधी सुरू होते ती अशी.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवली, म्हणजे भावंडाला सांभाळणारी पोरगी त्याला पाळण्यात ठेवून स्वतः शिकू शकेल. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.

ताराबाईंवर गांधीजींच्या विचारांचा प्रभाव होता. त्या विचारांशी आपले मतभेद आहेत आणि ते राहतील. पण जिथं कुणी जात नव्हतं त्या वस्तीत जाऊन आपल्या लेकरांचे हात धुणाऱ्या बाईचे उपकार नाकारणं हे काही बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभणार नाही.

आज आपण काय करतो? अंगणवाडी म्हणजे खिचडीचं केंद्र, असं समजतो आणि कर्ज काढून पोराला फीच्या नर्सरीत घालतो. ज्याला कर्जही मिळत नाही, त्याचं पोर सहा वर्षांपर्यंत तसंच राहतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षणाचा पाया धरला आहे. मग आपल्या अंगणवाडीत शिकवणं होतं की नाही, हे आपण जाऊन बघायला नको का? सकाळी विहार रिकामा असतो. धुण्याभांड्याला जाणाऱ्या आयाबहिणींची पोरं तिथं दोन तास बसली, बारावी झालेल्या आपल्या मुलींनी गाणी शिकवली, म्हाताऱ्यांनी जातककथा सांगितल्या, तर खर्च किती? चिंचोके फुकट मिळतात. फक्त पोरं येतील म्हणून वाट बघत बसू नका, दारोदार जाऊन आणा. वंदनेइतकंच हेही धम्माचं काम आहे.

असं झालं तर वर्धापनदिन साजरा केल्याचं सार्थक होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!