अंदाजाला माप देणाऱ्या कमलाबाई

पहूर (जि. जळगाव) : वडीची खरी परीक्षा पाकात असते. पाक कच्चा राहिला तर वडी पडत नाही. पुढे गेला तर तिचा भुगा होतो. ही जाण पूर्वी आई वा सासूजवळ उभे राहूनच मिळत असे. ती मापात बांधून घरोघरी पोहोचवणाऱ्यांत कमलाबाई ओगले अग्रभागी होत्या.

कमलाबाईंचा जन्म १९१३ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली त्या स्वयंपाकात तयार झाल्या. मराठीत पाककृतींची पुस्तके नवी नव्हती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्येच निघाले होते. मात्र १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने प्रमाण सांगितले ते प्रत्येक घरात असलेल्या वाटी-चमच्याचे. तराजूची गरजच उरली नाही.

काळही अनुकूल होता. एकत्र कुटुंबे विभागत होती, नोकरीपायी जोडपी शहरांत जात होती. माहेर-सासरपासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींना या पुस्तकाचा आधार वाटला. त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या.

१९९९ मध्ये कमलाबाईंचे निधन झाले. खानदेशातील कित्येक घरांच्या वड्यांची मापे मात्र अजून जाणत्या हातांतच आहेत. ते हात थकण्याआधी ती वहीत उतरवून घेणे, हेच कमलाबाईंचे उचित स्मरण ठरेल.